जीव्हजचं मन नेमकं कुणावर होतं?

प्रश्न : कापसाची वेचणी आटोपली की मी दुपारी वाचायला बसते. मुलीने अमरावतीहून पी. जी. वुडहाउस या इंग्रज विनोदी लेखकाची जीव्हजची पुस्तकं आणून दिली. 'द इनिमिटेबल जीव्हज'च्या सुरुवातीच्याच गोष्टीवरून आम्हा मायलेकींचं अडलं आहे. बर्टी वूस्टरचा नोकर जीव्हज शेवटी सांगतो, की चहाच्या दुकानात काम करणाऱ्या मेबलशी त्याचं लग्न ठरल्यात जमा आहे. त्याच मेबलवर बर्टीचा मित्र बिंगो जीव टाकत होता! मुलगी म्हणते, बिंगोला त्या पोरीपासून सोडवायलाच जीव्हजने हे केलं. मला वाटतं, ती त्याला खरंच आवडली होती. आमच्याकडे सालदार होता, त्याचं लग्न ठरल्याचं आम्हाला पत्रिका हातात पडल्यावर कळलं. बर्टीला तरी काय कळणार? आणि दुसऱ्या पुस्तकात पुन्हा एक मेबल भेटते, ती हीच का?
— एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, माझा कौल तुमच्या बाजूने.

शेवटचं आधी उरकतो. बिफी नावाच्या विसरभोळ्या मित्राच्या गोष्टीतली मेबल वेगळी. ती जीव्हजची भाची.

आता मूळ भांडण. तुमच्या मुलीचं म्हणणं मान्य करायला माझी एक मोठी अडचण आहे. बिंगोला सोडवायचं असतं तर जीव्हजला मेबलशी लग्न ठरवायची काय गरज? बिंगोला काकाच्या पैशांवर जगायचं होतं. काकाने नकार दिला असता की प्रकरण तिथंच संपलं असतं. जीव्हज तर उलट करतो. संधिवाताने घरात अडकलेल्या त्या म्हाताऱ्याला रोझी एम. बँक्सच्या कादंबऱ्या वाचून दाखवा, असं सुचवतो. त्या कादंबऱ्यांत बड्या घरचा माणूस खालच्या थरातल्या बाईशी खुशाल लग्न करतो. बिंगोला वाटतं, आपल्यासाठी काकाचं मन वळतंय. मन वळतंही, पण काका लग्न ठरवतो ते स्वतःचं, आणि तेही आपल्या स्वयंपाकिणीशी, मिस वॉटसनशी. आणि ही मिस वॉटसन कोण? जिच्याशी जीव्हजचं लग्न जवळजवळ ठरलं होतं, तीच.

बर्टी बिचारा ही बातमी जीव्हजला कशी सांगावी या काळजीत. जीव्हजला धक्का वगैरे काही बसत नाही. आमचं जमण्यासारखं नव्हतंच, अशा सुरात तो बोलतो. माझ्या मते सगळी किल्ली इथं आहे. त्या काळच्या इंग्लंडात लग्नाचं वचन मोडलं तर बाई कोर्टात जाऊन नुकसानभरपाई मागू शकत होती. १९७० च्या कायद्याने तो मार्ग बंद झाला. म्हणजे जीव्हजला मिस वॉटसनला नुसतं 'नाही' म्हणणं परवडणारं नव्हतं. तिनेच आपणहून दुसरीकडे जाणं हाच सुरक्षित रस्ता, आणि ती गेली ते घरची मालकीण होऊन! तिचं नुकसान झालं नाही, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. जीव्हज लबाड आहे, पण बाईला उघड्यावर टाकणारा नाही.

मग एवढा खटाटोप कुणासाठी? मेबल त्याला भेटली लंडनच्या कॅम्बरवेल भागातल्या एका नाचाच्या कार्यक्रमात, वर्गणी भरून जायचं असतं तशा. टेम्सच्या दक्षिणेला, बर्टीच्या श्रीमंत वस्तीपासून दूर. तिथं तो कुणाचं पाकीट पोचवायला गेला नव्हता, की कुणाच्या मामी-मावशीची कटकट निस्तरायला. सुटीच्या संध्याकाळी स्वतःच्या पैशांनी, स्वतःच्या हौसेने गेला होता. साऱ्या गोष्टीत जीव्हजचं स्वतःचं असं एवढं एकच ठिकाण आपल्याला दिसतं, आणि तिथं मेबल आहे. मला हा पुरावा पुरतो.

तुमच्या सालदाराचं उदाहरण म्हणूनच नेमकं लागू पडतं. ही गोष्ट बर्टी सांगतो. मालकाच्या डोळ्यांना नोकर चहाच्या कपाबरोबर आत येताना दिसतो आणि बाहेर जाताना दिसतो. मधलं आयुष्य त्याला ठाऊक नसतं, आणि जीव्हज ते सांगतही नाही. बातमी देतो, सिगारेटी कुठं ठेवल्या ते सांगतो आणि निघून जातो. वाचकाने इथं घाई करून त्याला निव्वळ डावपेची ठरवलं, तर तो बर्टीइतकंच बघतो.

मग लग्न का झालं नाही, असं मुलगी नक्की विचारेल. ही गोष्ट 'स्ट्रँड' मासिकात डिसेंबर १९२१ मध्ये आली. पुस्तक झालं १९२३ साली, तेव्हा तिची दोन प्रकरणं केली. पुढे वुडहाउस ही जोडी १९७४ पर्यंत लिहीत राहिला, आणि बायको घरात आली असती तर ती जोडीच मोडली असती. १९३४ च्या 'थँक यू, जीव्हज'मध्ये तर जीव्हज स्वतःच म्हणतो, की विवाहित मालकाकडे आपण नोकरी करत नाही. मेबलचा विषय लेखकाने सोडून दिला. जीव्हजने सोडला, असं कुठंही लिहिलेलं नाही.

मुलीला 'कॅरी ऑन, जीव्हज'मधली शेवटची गोष्ट वाचायला द्या. ती बर्टी नव्हे, जीव्हज स्वतः सांगतो. बर्टीच्या मनात बहीण आणि भाच्यांना घरी आणून ठेवायचं येतं, आणि आपलं दोघांचं बिऱ्हाड वाचवायला हा माणूस त्याला मुलींच्या शाळेत भाषणाला उभा करतो. त्यात प्रेमप्रकरण नाही, पण स्वतःला काय हवं ते त्याला किती स्पष्ट ठाऊक असतं, हे त्याच्याच तोंडून कळतं. मग तुमचं भांडण पुन्हा एकदा होऊ द्या, आणि काय ठरलं ते कळवा.