२६ गिगाहर्ट्झचा ४×४ पॅच अ‍ॅरे: सिम्युलेशनमध्ये १७ डीबीआय, मोजल्यावर ११. गेन जातो कुठे?

तुम्ही दिलेली माहिती अशी: ०.८ मिमी जाडीचा एफआर-४ (नेहमीचं पीसीबी मटेरियल), पॅचमधलं (तांब्याच्या चौकोनी अँटेनांमधलं) अंतर अर्धी तरंगलांबी, एसएमए कनेक्टर, रेझोनन्स (अँटेना जिथे सर्वांत चांगला चालतो ती फ्रिक्वेन्सी) सव्वा गिगाहर्ट्झने वर सरकलेला आणि गेन ६ डीबी कमी. या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. एकाच उपायाने दोन्ही जाणार नाहीत.

आधी गेन, म्हणजे अँटेना एका दिशेला किती जोर लावतो ते. एचएफएसएस या सिम्युलेशन सॉफ्टवेअरमध्ये डायरेक्टिव्हिटीचा (लॉस न धरता) आलेख पाहताय की रिअलाइज्ड गेनचा (लॉस आणि मिसमॅच धरून), ते तपासा. अर्ध्या तरंगलांबीवर १६ पॅचची डायरेक्टिव्हिटी १७ डीबीआयच येते, म्हणून तुम्ही तीच पाहताय अशी मला दाट शंका आहे. खरा तोटा फीडमध्ये, म्हणजे पॅचपर्यंत सिग्नल नेणाऱ्या लाइनींमध्ये आहे. एफआर-४ चा लॉस टॅन्जंट (मटेरियल किती ऊर्जा खातं त्याचं माप) ०.०२ धरला तर २६ गिगाहर्ट्झला मायक्रोस्ट्रिपमध्ये (बोर्डावरच्या तांब्याच्या पट्टीत) नुसत्या डायइलेक्ट्रिकमुळे सेंटीमीटरला सुमारे ०.८ डीबी जातात. कनेक्टरपासून पॅचपर्यंत ४ सेंमी वाट असेल तर ३ डीबी तिथेच गेले. वर पॅचची स्वतःची कार्यक्षमता पडते, ती वेगळी.

त्यात जाडीचा घोळ. ०.८ मिमी एफआर-४ वर ५० ओहमची लाइन साधारण १.५ मिमी रुंद होते आणि पाव तरंगलांबीचा ट्रान्सफॉर्मर (इम्पीडन्स जुळवणारा लाइनचा तुकडा) जेमतेम १.६ मिमी लांब. रुंदी आणि लांबी सारखीच, मग ती लाइन कसली, तांब्याचा चौकोन झाला! तो स्वतःच रेडिएट करतो. शिवाय ३.५ मिमी रुंद पॅच ५.७७ मिमीवर मांडले की मधे सव्वादोन मिमी उरतात. त्यातून ही लाइन नेली तर दोन्हीकडे ०.४ मिमीसुद्धा जागा राहत नाही. मग कपलिंग, म्हणजे लाइन आणि पॅचमध्ये सिग्नलची गळती, होणारच.

रेझोनन्सचं कारण दुसरं. डेटाशीटमधला एफआर-४ च्या डायइलेक्ट्रिक स्थिरांकाचा ४.४ हा आकडा बहुतेक वेळा कमी फ्रिक्वेन्सीवरचा असतो. तो २६ ला ४.१ निघाला तर सुमारे ३ टक्के, म्हणजे ०.९ गिगाहर्ट्झने रेझोनन्स वर. उरलेलं एचिंगमुळे, म्हणजे रसायनाने तांबं जास्त खाल्लं गेल्यामुळे.

पुढच्या बोर्डासाठी ०.२५४ मिमी जाडीचा आरओ ४३५०बी (कमी लॉसचं बोर्ड मटेरियल) घ्या. आरटी-ड्युरॉइड ५८८० चा लॉस आणखी कमी आहे, पण तो पीटीएफई (टेफ्लॉन). त्यातल्या भोकांच्या प्लेटिंगला खास प्रक्रिया लागते आणि साधा पीसीबीवाला ती करत नाही. सिम्युलेशनमध्ये आरओ ४३५०बी चा डायइलेक्ट्रिक स्थिरांक ३.४८ नव्हे, ३.६६ टाका, डिझाइनसाठी कंपनीच तो आकडा देते. पॅच ३.७८ × २.९३ मिमीपासून सुरू करा, लाइन ०.५५ मिमी. डायइलेक्ट्रिक लॉस ०.१३ डीबी प्रति सेंमीपर्यंत उतरतो.

अशा पॅचची बँडविड्थ जेमतेम २ टक्के, म्हणजे सुमारे ५५० मेगाहर्ट्झ. प्रत्येक कडेला ५० मायक्रॉन जास्त एचिंग झालं तर लांबी ०.१ मिमीने घटते आणि रेझोनन्स जवळपास ९०० मेगाहर्ट्झने वर जातो, थेट बँडबाहेर. म्हणून एकाच पॅनेलवर लांबी ०.०५ मिमीने बदलून तीन-चार सुटे पॅच आधी काढून घ्या. ऑर्डर देताना पॅचवर सोल्डरमास्क नको आणि एनिग (निकेलवर सोन्याचा थर) फिनिश नको, हे लिहून द्या. निकेलमध्ये लॉस वाढतो. इमर्शन सिल्व्हर चालेल. भारतात २०२२ च्या लिलावातला २४.२५ ते २७.५ गिगाहर्ट्झ हा सगळा पट्टा हवा असेल तर हा एकेरी पॅच पुरणारच नाही, स्टॅक्ड (एकावर एक रचलेल्या) पॅचकडे जावं लागेल.

बीम फिरवायचा नसेल तर अंतर ०.७ तरंगलांबी, म्हणजे ८ मिमी करा. अ‍ॅरे २३ चा ३२ मिमी होईल, पण फीडला जागा मिळेल आणि डायरेक्टिव्हिटी १९ च्या आसपास जाईल. फिरवायचा असेल तर ५.७७ च ठेवा आणि फीड ग्राउंडखालच्या थरात न्या, स्लॉट कपलिंगने, म्हणजे ग्राउंडमधल्या फटीतून सिग्नल पॅचपर्यंत पोचवून.

साधा एसएमए १८ गिगाहर्ट्झपर्यंतचा असतो, २.९२ मिमीचा एंड-लाँच (बोर्डाच्या कडेला बसणारा) कनेक्टर लावा. मोजताना लॅबमधला डब्ल्यूआर-२८ हॉर्न (मोजणीचा अँटेना) उचलू नका, त्याचा पट्टा २६.५ गिगाहर्ट्झपासून सुरू होतो. डब्ल्यूआर-३४ घ्या आणि हॉर्न व अ‍ॅरे या दोघांत मीटरभर अंतर ठेवा.