घामोळ्यावर तवकीर: गाठी का होतात?

प्रश्न: परसातल्या तवकिराचे कंद किसून, धुऊन पीठ केलं आणि घामोळ्यावर लावायला बरणीत भरलं. पंधरा दिवसांत गाठी झाल्या, आंबूस वासही येतो. खायचा सोडा मिसळला तर चालेल का? (एक वाचक, वेंगुर्ले)

उत्तर: सोडा अजिबात नको. त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तिचा सामू साधारण 5. सोड्याच्या पाण्याचा 8 च्या वर. घामोळ्याची आग उलट वाढेल. हे पीठ टाकून द्या, पुढच्या खेपेला दोन ठिकाणी लक्ष ठेवा.

आंबूस वास येतो तो धुताना. किसाचं पाणी मलमलीतून गाळून ठेवलं की सत्त्व तळाला बसतं. वरचं पाणी उन्हाळ्यात रात्रभर तसंच राहिलं तर आंबणारच. दर तीन-चार तासांनी ते ओतून ताजं पाणी घाला. पाणी नितळ होईपर्यंत, म्हणजे चार-पाच वेळा तरी.

गाठी होतात त्या अर्धवट वाळवल्यामुळे. वड्या वरून खडखडीत दिसतात, पण मोडून पाहिल्या तर आत ओल असते. त्या हाताने चुरून सुती कापडावर पातळ पसरा, वर मलमल घाला, तीन-चार कडक उन्हं द्या. संध्याकाळी खारा वारा सुटायच्या आत उचला, नाहीतर दिवसभराचं वाळवण वाया. घाई म्हणून तव्यावर किंवा ओव्हनमध्ये मात्र ठेवू नका: ओलं सत्त्व 65-70 अंशांच्या पुढे तापलं की कण फुगून एकमेकांना चिकटतात, आणि वाळल्यावर त्याची टणक कणी होते. ती त्वचेला ओरखडे काढते. नीट वाळलेलं पीठ चिमटीत दाबलं की करकरतं आणि बरणीच्या काचेला चिकटत नाही. मग वस्त्रगाळ करून लहान, कोरड्या बरण्यांत भरा. सुगंधी तेलाचे थेंब घालू नका, त्यानेही गुठळ्या होतात.

लावताना आधी घाम पुसून त्वचा कोरडी करा, पीठ तळहातावर घेऊन अगदी पातळ लावा. काखेत, जांघेत थर दिला तर घामाने त्याची खळ होते आणि तीच घासते. गजकर्ण, चिघळलेली किंवा फुटलेली त्वचा असेल तर लावू नका. तान्ह्या बाळावर तर भुरभुरू नकाच: पूड श्वासातून फुप्फुसात जाते.

प्रश्न: सनस्क्रीनच्या वेष्टनावर ‘ॲल्युमिनियम स्टार्च ऑक्टेनिलसक्सिनेट’ असं लिहिलंय. म्हणजे पीठच ना? मग घरच्या क्रीममध्ये तवकीर घालू का? (एक वाचक, गुहागर)

उत्तर: मूळ पीठच, पण बदललेलं. स्टार्चच्या कणांना रासायनिक प्रक्रियेने तेलाशी जुळणारे गट जोडतात, वर ॲल्युमिनियमच्या क्षाराची प्रक्रिया करतात. त्यामुळे कण पाण्याने सहज भिजत नाहीत, तेल मात्र शोषतात. क्रीमचा तेलकटपणा कमी होतो, हाताला मखमली कोरडेपणा जाणवतो. कोरड्या शाम्पूतही ते याच कामासाठी वापरतात.

तवकिराला ही प्रक्रिया झालेली नसते. क्रीममधल्या पाण्यात ते भिजतं, गरम केलं तर पेजेसारखं दाटतं, आणि परिरक्षक नसेल तर त्यावर बुरशी धरते. तयार सनस्क्रीनमध्ये तर काहीच मिसळू नका: त्वचेवरचा त्याचा सलग थर बिघडला की वेष्टनावरच्या एसपीएफच्या आकड्याला अर्थ राहत नाही. तेलकटपणा नकोसा वाटत असेल तर वेष्टनावर हेच नाव असलेली, जेलसारखी हलकी सनस्क्रीन निवडा.