अंगणात दर पावसाळ्यात जमीन खचते, माती टाकली तरी परत खड्डा पडतो, बोअरवेलमुळे होतंय का? (रत्नागिरी)

बोअरवेल सहसा कारण नसतं, जांभ्याच्या खालची माती पाणी वाहून नेतंय म्हणून खचतंय. मी सिव्हिलची कामं घेतो, आपल्याकडे जांभा वरून कडक पण खाली पांढरट-गुलाबी मऊ चिकणमाती, पागोळ्यांचं नाहीतर शोषखड्ड्याचं पाणी फटीतून तिथे उतरलं की माती धुऊन भुयारासारखी पोकळी होते आणि एक दिवस वरचं छप्पर बसतं. नुसती माती टाकलीत तर तीही वाहून जाणारच, वर्षाला एक डंपर फुकट. त्यापेक्षा:

- आधी पाणी वळवा. पन्हळीचं पाणी पक्क्या गटारातून लांब सोडा, शोषखड्डा घरापासून दूर न्या.
- खड्डा घट्ट थरापर्यंत मोकळा करून तळाला मोठे दगड, त्यावर खडी, मग वाळू, शेवटी माती कुटून भरा. पाणी झिरपतं, माती अडते. सिमेंट ओतू नका, पाणी बाजूने नवी वाट काढतं.

फक्त घर उतारावर असेल आणि वरच्या अंगाला चंद्रकोरीसारखी भेग दिसत असेल, झाडं-पोल कलत असतील तर हे सगळं सोडा, ते दरड सरकल्याचं लक्षण आहे, (महाडजवळ तळीये, जुलै २०२१ आठवा) घर रिकामं करून तहसीलदारांना कळवा.