तांब्यावर बसलेला हायड्रोजनचा अणू पुरेशी ऊर्जा नसतानाही शेजारच्या जागेवर कसा जातो?

टनेलिंगने जातो: मधला ऊर्जेचा अडथळा चढून न जाता तो थेट त्यातून पलीकडे निघतो. हायड्रोजन सगळ्यांत हलका अणू असल्यामुळे त्याचं तरंगरूप अडथळ्याच्या आत आणि पलीकडेही थोडं पसरलेलं असतं. हे नुसतं कागदावरचं गणित नाही. लॉहॉन आणि हो या संशोधकांनी 2000 साली तांब्याच्या स्वच्छ पृष्ठभागावरच्या एकेका हायड्रोजन अणूवर स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोपने (एकेक अणू दाखवू शकणाऱ्या सूक्ष्मदर्शकाने) नजर ठेवली आणि तो किती वेळाने जागा बदलतो ते मोजलं. तापमान 80 केल्व्हिनवरून खाली आणताना उड्या आधी झपाट्याने कमी होत गेल्या, उष्णतेवर चालणाऱ्या हालचालीत होतात तशाच. पण साधारण 60 केल्व्हिनखाली हे उतरणं जवळजवळ थांबलं. पार 9 केल्व्हिनपर्यंत थंड करूनही अणू हलतच राहिला! तिथे उष्णता इतकी तुटपुंजी असते की अडथळा चढून जाणं शक्यच नाही. मला यातला सर्वांत पटणारा पुरावा ड्युटेरियमचा, म्हणजे हायड्रोजनच्याच जड प्रकाराचा वाटतो. रसायन तेच, फक्त वजन दुप्पट, आणि तेवढ्यानेच टनेलिंग फार मंदावतं.

मात्र 60 केल्व्हिन हा आकडा तांब्याच्या त्या विशिष्ट पृष्ठभागापुरताच धरा. धातू किंवा स्फटिकाची बाजू बदलली की अडथळ्याची उंची-रुंदी बदलते आणि हा आकडाही सरकतो. खोलीच्या तापमानाला बहुतेक उड्या उष्णतेच्याच जोरावर होतात.