६००० ची रॅम ६००० वर टिकत नसेल तर दोष नेमका कुठे शोधायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: रायझन ५ ७६००, बी६५० चा बोर्ड आणि डीडीआर५-६००० सीएल३० च्या (६००० हा रॅमचा वेग, ३० हा तिच्या विलंबाचा आकडा) १६-१६ जीबीच्या दोन स्टिक. बायोसमध्ये एक्स्पो (रॅमला डब्यावरच्या वेगाने चालवणारी सोय) चालू केलं की गेम मध्येच बंद पडतात, अधूनमधून निळी स्क्रीन येते, मोठी झिप उघडताना सीआरसी एरर, म्हणजे आतला डेटा बिघडल्याचा इशारा, येतो. हे सगळं दुपारी जास्त होतं. एक्स्पो बंद करून ४८०० वर चालवलं की काहीच तक्रार नाही. दुकानदाराचं म्हणणं, रॅम चांगली आहे, विंडोज परत टाका. रॅम बदलून मागावी का आणि पुढे आणखी दोन स्टिक घातल्या तर चालतील का, हे तुम्हाला हवंय.

पहिली विनंती: विंडोज आत्ता अजिबात टाकू नका. मेमरी चुकतेय अशी शंका असताना इन्स्टॉल केलं तर डिस्कवर जाणारी प्रत्येक फाइल आधी त्याच रॅममधून जाते, आणि एखादा बिट उलटला तर तो चुकलेलाच लिहिला जातो. आजपासून एक्स्पो बंद ठेवा, तुमचं रोजचं काम ४८०० वर करा, आणि एक्स्पो फक्त चाचणीपुरतं चालू करा. निळ्या स्क्रीनचं मला तेवढं वाटत नाही, ती निदान दिसते तरी. माझ्या एका फोटोग्राफर मित्राच्या मशीनवर कार्डमधून कॉपी केलेल्या लग्नाच्या फोटोंपैकी काहींमध्ये खालचा अर्धा भाग करडा झालेला निघाला. मशीन तोवर एकदाही बंद पडलं नव्हतं आणि कार्ड पुसून झालं होतं. तेव्हापासून 'कधीतरीच होतं' हे उत्तर मला पुरत नाही. तुमचा सीआरसी एरर त्याच जातीचा आहे.

आता मूळ गोष्ट. डब्यावर ६००० लिहिलंय म्हणजे त्या स्टिक कंपनीने त्या वेगाला तपासल्या आहेत. पण तुमच्याकडे तो वेग तीन जणांनी मिळून गाठायचा असतो: स्टिक, बोर्ड आणि प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर, म्हणजे रॅमशी देवाणघेवाण सांभाळणारा भाग. एएमडीने ७६०० साठी अधिकृतपणे दिलेला वेग दोन स्टिकना ५२०० आहे. त्याच्या पुढचं सगळं ओव्हरक्लॉकिंगमध्ये जातं, मग ते एका बटणाने होवो की हाताने. एक्स्पो दाबलं की स्टिकवरच्या छोट्या चिपमध्ये साठवलेले आकडे बायोस उचलतो: वेग ६०००, टायमिंग (रॅमच्या विलंबाचे आकडे) ३० च्या आसपास, आणि व्होल्टेज १.१ ऐवजी १.३५. शिवाय बोर्ड आपल्या मनाने प्रोसेसरचं एसओसी व्होल्टेजही (मेमरी कंट्रोलर ज्यावर चालतो ते) वाढवतो, आणि ते किती वाढवायचं हे प्रत्येक बोर्ड वेगळं ठरवतो. म्हणून तीच स्टिक एका बोर्डावर वर्षभर निमूट चालते आणि दुसऱ्यावर दुपारी रडते. तरीही ६००० हा काही अवघड आकडा नाही. रायझन ७००० साठी एएमडीनेच तो योग्य म्हणून सांगितला होता, आणि बहुतेक ७६०० तो सहज पेलतात. त्यामुळे लगेच हार मानायची गरज नाही.

सुरुवात रॅमपासून करू नका. प्रोसेसरला पीबीओ (त्याला नेहमीपेक्षा जोरात पळवणारी सोय) किंवा कर्व्ह ऑप्टिमायझर (कोअरचं व्होल्टेज कमी करणारी सोय) लावलाय का ते पाहा. व्हिडिओ बघून सगळ्या कोअरना उणे ३० टाकणारे खूप आहेत. व्होल्टेज कमी पडलेला कोअर अगदी रॅम बिघडल्यासारखीच लक्षणं दाखवतो, आणि माणूस महिनाभर रॅम बदलत बसतो. ते सगळं मूळ जागी आणा. काही बोर्डांवर एक्स्पोच्या शेजारीच टायमिंग आणखी घट्ट करणारा वेगळा पर्याय असतो, तोही बंद करा. मग बायोस अपडेट करा, पण ते एक्स्पो बंद ठेवूनच. डळमळीत मेमरीवर बायोस फ्लॅश करणं म्हणजे बोर्ड पणाला लावणं. एएम५ च्या सुरुवातीच्या बायोसांमध्ये मेमरीची बाजू बरीच कच्ची होती आणि नंतरच्या आवृत्त्यांनी ती खूप सुधारली, त्यामुळे जुना बायोस असेल तर कित्येकदा इथेच प्रश्न मिटतो. अपडेटनंतरच्या पहिल्या बूटला स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते. मेमरीचं ट्रेनिंग, म्हणजे बोर्डाने रॅमशी सूर जुळवणं, चालू असतं, घाबरून पॉवरचं बटण दाबू नका.

मग मशीन बंद करून, वायर काढून, स्टिक हाताने तपासा. चार खाचांच्या बोर्डावर दोन स्टिक असतील तर त्या प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत हव्यात. पहिल्या आणि तिसऱ्या खाचेत असतील तर मागच्या रिकाम्या खाचेपर्यंत जाणारी तार तशीच लोंबकळत राहते आणि तिथून सिग्नल परत उसळतो. ४८०० वर ते खपून जातं, ६००० वर नाही. दुसरी गोष्ट बारीक आहे. हल्ली पुष्कळ बोर्डांवर खटका एकाच टोकाला असतो. त्या बाजूने 'खट्' आवाज आला की आपण समजतो बसली, पण बिनखटक्याचं टोक केसभर वर राहिलेलं असतं. डोळा खाचेच्या पातळीला आणून सोनेरी संपर्कांची रेघ दोन्ही टोकांना सारखीच आत गेलीय का ते बघा, आणि दोन्ही अंगठ्यांनी दोन्ही टोकं दाबा.

आता चाचणी. मेमटेस्ट८६ प्लस हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर टाका, मशीन त्यावरून सुरू करा, एक्स्पो चालू करा आणि रात्रभर चालू द्या. एक जरी एरर आला तरी नापास. 'फक्त दोनच एरर आहेत' हे समाधान मेमरीच्या बाबतीत चालत नाही. एरर आला तर घाईने बंद न करता त्या ओळी वाचा. प्रत्येक ओळीत पत्ता असतो, काय यायला हवं होतं आणि काय आलं हे दोन आकडे असतात. पुन्हा पुन्हा तोच पत्ता आणि आकड्यातला तोच एक अंक चुकत असेल, तर बहुधा त्या स्टिकमधला एखादा सेलच खराब आहे. ती सरळ वॉरंटीची केस. पत्ते कुठलेही, चुकणारे अंकही दर वेळी वेगळे, असं असेल तर बहुधा सेल ठीक आहेत, येण्याजाण्याच्या वाटेत गडबड आहे: वेग, व्होल्टेज, खाच किंवा कंट्रोलर. डीडीआर५ मध्ये ईसीसी (चुका ओळखून दुरुस्त करणारी व्यवस्था) असतं मग एरर कसे, असं कुणी विचारेल. ते ईसीसी चिपच्या पोटातल्या चुका दुरुस्त करतं, स्टिक ते प्रोसेसर या वाटेवर त्याचं काही चालत नाही.

मेमटेस्ट रात्रभर स्वच्छ गेलं तरी मी पास म्हणणार नाही, तुमच्या बाबतीत तर नाहीच. त्या चाचणीत ग्राफिक्स कार्ड निवांत बसलेलं असतं आणि रात्री खोलीही थंड असते. तुम्ही अकोल्याचे, मे महिन्यात पारा ४४ च्या वर जातो, आणि तुम्हीच लिहिलंय की दुपारी जास्त होतं. तुमच्या प्रश्नातलं हे वाक्य मला सगळ्यात मोलाचं वाटलं. रॅमचा सेल म्हणजे गळकं भांडं, त्यातला विद्युतभार सतत गळत असतो आणि तो सेकंदाला अनेकदा पुन्हा भरावा लागतो. उष्णता वाढली की गळती वाढते. त्यात डीडीआर५ मध्ये व्होल्टेज सांभाळणारी चिपही स्टिकवरच बसते आणि ग्राफिक्स कार्डाची गरम हवा नेमकी तिकडेच चढते. एचडब्ल्यूइन्फो हा मशीनचे सेन्सर दाखवणारा प्रोग्रॅम उघडा, त्यात प्रत्येक स्टिकचं तापमान दिसतं. भर दुपारी, एखादा जड गेम चालू ठेवून बघा. कडक टायमिंगच्या कित्येक स्टिक ५५-६० अंशांच्या पुढे चुकायला लागतात. तसं दिसलं तर कॅबिनेटची बाजूची काच काढून, टेबल फॅनचा वारा थेट स्टिकवर सोडून तोच गेम तितकाच वेळ चालवा. फॅनने एरर थांबले तर निदान झालं. मग कॅबिनेटला समोरून हवा आत घेणारा एखादा पंखा जोडा. नवी रॅम घेण्यापेक्षा तो कितीतरी स्वस्त पडतो.

विंडोजमध्ये टेस्टमेम५ आणि वाय-क्रंचर या दोन्ही चाचण्या घ्या. पहिली स्टिकना जास्त ताण देते, दुसरी कंट्रोलरलाही घाम फोडते. विंडोजचं स्वतःचं मेमरी डायग्नोस्टिक मी धरतच नाही. त्यात नापास झाली तर नक्की खराब, पण पास झाली याला फारसा अर्थ नाही.

फॅनने फरक पडला नाही तर खांदेपालट करा. एक्स्पो चालूच ठेवून फक्त पहिली स्टिक, दुसऱ्या खाचेत. मग त्याच खाचेत दुसरी स्टिक. मग हेच दोन्ही प्रकार चौथ्या खाचेत. एरर एका स्टिकसोबत फिरत असेल तर ती स्टिक. स्टिक कुठलीही असो, एरर एकाच खाचेत येत असेल तर खाच किंवा प्रोसेसरचं सॉकेट. एएम५ मध्ये पिना बोर्डावर असतात, त्यातली एखादी किंचित वाकलेली असू शकते, आणि कूलरचे स्क्रू एका बाजूला जास्त आवळले तरी प्रोसेसर नीट टेकत नाही. कूलर काढून, चारही स्क्रू तिरक्या क्रमाने थोडे थोडे आवळून परत बसवणं एवढ्यानेही मेमरीचे एरर गेलेले मी पाहिलेत. आणि दोन्ही स्टिक एकेकट्या दोन्ही खाचांत पास होतात, पण दोघी मिळून नापास, असं निघालं तर बोट कंट्रोलरकडे जातं.

तिथे काय करायचं? वेग ५६०० करा, बाकी टायमिंग आणि १.३५ व्होल्ट एक्स्पोप्रमाणेच ठेवा. आता सगळं स्वच्छ चाललं तर कंट्रोलरला शेवटचा टप्पा जड जातोय. मग ६००० वर परत या आणि एसओसी व्होल्टेज बघा. बोर्डाने १.१५ वगैरे ठेवलं असेल तर १.२, फार तर १.२५ पर्यंत न्या. १.३ ही एएमडीने २०२३ मध्ये प्रोसेसर जळण्याच्या घटनांनंतर घातलेली मर्यादा आहे, तिच्या जवळ जाऊ नका. स्टिकचं व्होल्टेज १.३५ वरून १.४ करून पाहता येतं, पण अकोल्याच्या उन्हाळ्यात त्याने उष्णताच वाढेल, म्हणून माझी पसंती त्याला नाही. एफसीएलके (प्रोसेसरच्या आतल्या भागांना जोडणाऱ्या वाटेचा वेग) २००० असेल तर १९३३ करून बघा. थंड मशीन सुरू केल्यावरच त्रास होत असेल तर मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर (मागच्या ट्रेनिंगचे आकडे पुन्हा वापरणारा बायोसमधला पर्याय) बंद करा. बूटला वेळ लागेल, पण दर वेळी ट्रेनिंग नव्याने होईल. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. तीन आकडे एकदम बदलून मशीन चाललं तर कशामुळे चाललं ते कधीच कळत नाही.

एवढं करूनही ६००० वर टिकलं नाही तर खुशाल ५६०० वर राहा. ७६०० ला तो वेगही पुरेसा आहे, फरक बेंचमार्कच्या आकड्यात दिसेल, खेळताना नाही. बदलून मागायचं की नाही याचं माझं उत्तर स्पष्ट आहे: एखादी स्टिक ४८०० वर एरर देत असेल, किंवा ६००० वर एरर एकाच स्टिकच्या मागे खाच बदलूनही फिरत असेल, तर नक्की मागा. मेमटेस्टच्या स्क्रीनचा फोटो न्या, तो दाखवला की 'विंडोज टाका' हे संभाषण तिथेच संपतं. दोन्ही स्टिक एकत्रच द्या, कारण त्या जोडी म्हणून तपासलेल्या असतात आणि एकच बदलून घेतली तर नवीवरच्या चिपा वेगळ्या निघू शकतात. पण फक्त कंट्रोलर कमी पडत असेल तर दुकानदाराशी भांडू नका, रॅमबद्दल त्याचं म्हणणं खरं आहे.

आणखी दोन स्टिकचा विचार मात्र सोडून द्या. चार स्टिक भरल्या की याच प्रोसेसरला एएमडीने दिलेला अधिकृत वेग थेट ३६०० वर येतो. तोच ब्रँड, तेच मॉडेल घेतलं तरी आत दुसऱ्या कंपनीच्या चिपा असू शकतात. ६४ जीबी खरंच लागणार असतील तर या दोन विकून ३२-३२ ची एक जोडी घ्या, आणि घेण्याआधी तुमच्या बोर्डाच्या कंपनीने तपासलेल्या रॅमच्या यादीत ते मॉडेल आहे का ते पाहा.

मेमरी दोन-तीन दिवस, दुपारचा जड गेम धरून, निर्धोक चालली की मगच डिस्ककडे वळा. एसएफसी स्कॅन (विंडोजच्या फाइल तपासून दुरुस्त करणारी आज्ञा) चालवा, गेमच्या लाँचरमधून फाइल तपासून घ्या, आणि एक्स्पो चालू असतानाच्या काळात कॉपी केलेले फोटो, व्हिडिओ, झिप एकेक उघडून बघा. मूळ प्रत अजून मोबाइलमध्ये किंवा कार्डावर असेल तर ती तोवर पुसू नका. एसएफसीला दुरुस्त न होणाऱ्या फाइल सापडल्या, तर तेव्हा विंडोज नव्याने टाका.