मणक्याचा टीबी, एचआयव्ही आणि ऑपरेशन : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझे भावोजी सहा वर्षांपासून एआरटीवर (एचआयव्हीच्या औषधांवर) आहेत. पाठीचा नववा-दहावा मणका टीबीने पोखरला असून तिथे पू आहे. गेल्या आठ दिवसांत पाय जड पडू लागलेत. एका रुग्णालयात सांगितले, ‘अशांच्या जखमा भरत नाहीत, गोळ्यांवरच ठेवा.’ खरे आहे का?
— एक वाचक, परभणी

उत्तर : नाही. ऑपरेशन करायचे की नाही हे मज्जारज्जू आणि हाड ठरवतात, एचआयव्ही नव्हे. तुमच्या पत्रात महत्त्वाचे आहे ते ‘आठ दिवसांत पाय जड’. चालताना चप्पल पायातून निसटते आणि ते कळतही नाही, उकिडवे बसल्यावर हाताचा आधार घेतल्याशिवाय उठता येत नाही, लघवीला जोर करावा लागतो, यांतले काही असेल तर उद्याची वाट पाहू नका. ताकद दिवसागणिक कमी होत असेल तर हे ऑपरेशन आठवड्यांवर ढकलायचे नसते.

पू दिसला की लगेच चिरायचे, असेही नाही. मज्जारज्जूवर दाब असलेले अनेक रुग्ण निव्वळ औषधांवर चालते होतात. लकवा वाढतोय, तीन-चार आठवडे औषध घेऊनही फरक नाही, मणका ढासळून कुबड वाढतेय, कणा डळमळीत झालाय किंवा निदानच पक्के नाही, अशा वेळी शस्त्रक्रिया करतात.

सहसा पाठीमागून जातात. खराब मणक्यांच्या वर-खाली दोन-दोन मणक्यांत स्क्रू बसवून ते रॉडने जोडतात. मग पू आणि सडलेले हाड काढून मज्जारज्जू मोकळा करतात, आणि पुढे पोकळी मोठी राहिली तर तिथे हाडाचा तुकडा किंवा जाळीदार पिंजरा बसवतात. ‘टीबीच्या जागी धातू कसा चालेल?’ हा प्रश्न हमखास येतो. पू करणारे नेहमीचे जंतू धातूवर चिकट थर धरून बसतात. टीबीचा जंतू सावकाश वाढतो, तसा थर फारसा धरत नाही. म्हणून औषधे चालू असतील तर स्क्रू टिकतात.

जखमेची भीती अगदीच निराधार नाही. सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींची मोजणी) २००च्या खाली, अंगात रक्त कमी, रक्तातले अल्ब्युमिन हे प्रथिन घटलेले असे असेल तर जखम चिघळणे, न्यूमोनिया होणे यांचा धोका वाढतो. सवड असेल तर दोन-तीन आठवडे टीबीची औषधे आणि चांगला आहार देऊन मग ऑपरेशन करतात. लकवा वाढत असेल तर ही सवड नसते. एआरटी नियमित आणि विषाणू दबलेला असेल, तर जखम बहुधा इतरांसारखीच भरते. एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारणे २०१७च्या कायद्याने बेकायदेशीर आहे. माहितीसाठी १०९७ हा मोफत क्रमांक आहे.

प्रश्न : ऑपरेशनच्या वेळी काढलेला तुकडा तपासायलाच हवा का? एमआरआयमध्ये टीबी लिहिले आहे.
— एक वाचक, मिरज

उत्तर : हवाच. एचआयव्हीमध्ये बुरशी, लिम्फोमा (एक कर्करोग) किंवा साधा जंतुसंसर्गही एमआरआयवर टीबीसारखा दिसू शकतो; शिवाय टीबी औषधांना दाद न देणारा असू शकतो. इथे एक चूक फार होते. सगळा नमुना फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकला जातो. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात, मग कल्चर (जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) येणार कुठून? ऑपरेशनआधीच सर्जनना विचारा : एक भाग निर्जंतुक डबीत सलाइनमध्ये सीबीनॅट किंवा ट्रूनॅट (टीबीच्या जंतूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या तपासण्या) आणि कल्चरसाठी, दुसरा फॉर्मॅलिनमध्ये पॅथॉलॉजीसाठी जाणार ना? सीबीनॅट-ट्रूनॅटमध्ये रिफाम्पिसिन हे टीबीचे मुख्य औषध चालेल की नाही तेही काही तासांत कळते. कल्चरला सहा आठवड्यांपर्यंत लागू शकतात.

प्रश्न : पतीच्या ऑपरेशननंतर कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या दिल्या. त्या टीबी आणि एआरटीबरोबर चालतात का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : चालतात, पण वेळ पाळून. टीएलडी या एआरटीच्या एकत्रित गोळीतले डोल्युटेग्राविर उपाशीपोटी कॅल्शियम-लोहाबरोबर घेतले तर पुरते शोषले जात नाही. एकतर सगळे जेवणासोबत घ्या, नाहीतर टीएलडी आधी आणि कॅल्शियम दोन तासांनी. अ‍ॅसिडिटीचे पातळ औषध मात्र जेवणासोबतही चालत नाही. ते टीएलडीनंतर दोन तासांनी घ्या, नाहीतर टीएलडीच्या सहा तास आधी.

रिफाम्पिसिन डोल्युटेग्राविरचे रक्तातले प्रमाण घटवते. म्हणून टीएलडीनंतर बारा तासांनी ५० मिलिग्रॅम डोल्युटेग्राविरची जादा गोळी लागते, रिफाम्पिसिन थांबल्यावर पुढे दोन आठवड्यांपर्यंत. हाडाच्या डॉक्टरांना हे ठाऊक असेलच असे धरू नका. एआरटी केंद्रात विचारा. पाठ दुखते म्हणून मनाने डायक्लोफिनॅक घेऊ नका, टीएलडीतल्या टेनोफोविरसोबत ते मूत्रपिंडाला जड जाते.

मणक्याच्या टीबीत औषधे सहा महिन्यांची नसतात. दोन महिने चार औषधे, पुढे दहा महिने तीन. गरजेप्रमाणे अठरा महिन्यांपर्यंत.

प्रश्न : एचआयव्ही आणि मणक्याचा टीबी एकदमच कळले. एआरटी सुरू होऊन दीड महिना झाला, आणि आता पू वाढलाय. उपचार फसला का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : बहुधा नाही. एआरटीने प्रतिकारशक्ती जागी होते आणि दबून बसलेल्या टीबीवर तुटून पडते. ताप येतो, गळू फुगते. हे सहसा पहिल्या तीन महिन्यांत घडते. दोन्ही औषधे स्वतःहून थांबवू नका. पू सुईने काढता येतो, गरज पडली तर डॉक्टर प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड देतात. आधी मात्र गोळ्या चुकल्या नाहीत ना आणि टीबी औषधांना दाद देणारा आहे ना, हे तपासायला हवे. पायांची ताकद कमी झाली तर त्याच दिवशी एमआरआय. तळपायांची आग दोन्हीकडे सारखीच आणि ताकद शाबूत असेल, तर ती आयसोनियाझिड या टीबीच्या औषधामुळेही असू शकते. त्यावर पायरिडॉक्सिन (जीवनसत्त्व बी६) आहे, पण डॉक्टरांनी पाय तपासल्यावरच.