कोट कपाटात ठेवून मुलगी सरकारी वकील होत नसते

नमस्कार भाऊ,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. पोलीस खात्यात ३२ वर्षं काढली, सहायक फौजदार म्हणून रिटायर झालात. मुलीने बारावीनंतर पाच वर्षांचं लॉ केलं, सनद मिळून सव्वा वर्ष झालं, धुळ्याच्या कोर्टात एका फौजदारी वकिलांकडे ज्युनियर आहे आणि महिन्याला ५ हजार मिळतात. तुम्हाला ती उज्ज्वल निकमांसारखी सरकारी वकील झालेली बघायचीय, आणि ती सध्या "आरोपींच्या बाजूने" उभी राहते. मागच्या महिन्यात तिच्या सीनियरांनी तुमच्याच जुन्या ठाण्याच्या हवालदाराची उलटतपासणी घेतली, मुलगी फाईल घेऊन शेजारी उभी होती, संध्याकाळी खात्यातल्या लोकांचे तुम्हाला फोन आले. आता तुम्ही विचारताय की जेएमएफसीचा (म्हणजे न्यायाधीशाच्या पहिल्या पायरीच्या परीक्षेचा) क्लास लावू की सरकारी वकिलाच्या परीक्षेचा.

क्लासचं नंतर बघू. पत्रात खाली एक ओळ तुम्ही सहज लिहून गेलात, "तिचा कोट आणि बँड मी कपाटात कुलूप लावून ठेवलाय, पंधरा दिवस झाले." भाऊ, ही ओळ वाचून मला खरंच काळजी वाटली. पंचवीस वर्षांची, सनद असलेली मुलगी, आणि तिचा कोट कुलपात? पंधरा दिवसांत तिच्या सीनियरांच्या किती तारखा झाल्या असतील, कुणाचा जामीन असेल, कुणाची साक्ष असेल, आणि ती घरी का बसलीय हे तिने त्यांना काय म्हणून सांगितलं असेल याचा विचार केलात का? तब्येत बरी नाही असं खोटं सांगितलं असणार. म्हणजे उद्या कोर्टात खरं-खोटं करायला उभी राहणाऱ्या मुलीला आपण घरातूनच खोटं बोलायला लावतोय. तिचे मार्क, पगार, सीनियर, यातल्या कशाचीच मला काळजी वाटत नाही, या कुलपाची वाटते.

खात्यातल्या मित्रांचे फोन आले म्हणून तुम्हाला लाज वाटली हे मी समजू शकतो, ३२ वर्षं ज्यांच्यासोबत बंदोबस्त केला त्यांनी "भाऊ, तुमची पोरगी आमच्यावरच उलटली" असं म्हटलं तर लागतंच. पण ती उलटलेली नाही. हे तुम्ही नीट समजून घ्यावं म्हणून निकम साहेबांचंच उदाहरण घेतो, तुम्हीच दिलंय ते.

कसाबची केस. २६ नोव्हेंबर २००८ चा हल्ला, आर्थर रोड जेलमध्ये खटला, सहाशेहून जास्त साक्षीदार, ३ मे २०१० ला कसाब दोषी आणि तीन दिवसांनी फाशीची शिक्षा. एवढं सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच खटल्यात, त्याच दिवशी, त्याच न्यायाधीशांनी दोन जणांना निर्दोष सोडलं हे किती जणांना आठवतं? फहीम अन्सारी आणि सबाउद्दीन अहमद. फहीमवर आरोप होता की हल्ल्याच्या जागांचे हाताने काढलेले नकाशे त्याने पुरवले, त्यातला एक मेलेल्या अतिरेक्याच्या पँटच्या खिशात सापडला असं सरकार पक्षाचं म्हणणं. बचावाने एवढंच दाखवलं की पँट रक्ताने भिजलेली आहे आणि खिशातला कागद मात्र स्वच्छ आहे, डाग नाही, चुरगळलेला पण नाही, हे कसं? तुम्ही आयुष्यभर पंचनामे केलेत भाऊ, या प्रश्नाचं वजन माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त कळेल. फहीमचे वकील शाहीद आझमी. निकाल ऐकायला ते राहिले नाहीत, ११ फेब्रुवारी २०१० ला कुर्ल्यात त्यांच्याच ऑफिसात त्यांचा गोळ्या घालून खून झाला. पुढे हायकोर्टाने आणि २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टानेही दोघांची निर्दोष सुटकाच कायम ठेवली.

आणि कसाबची फाशी पण तिन्ही कोर्टांत टिकली. ती टिकली कारण कसाबलाही वकील दिला होता, साक्षीदारांना प्रश्न विचारायची संधी दिली होती, त्यामुळे खटला नीट झाला नाही हा बचावाचा आक्षेप सुप्रीम कोर्टात टिकला नाही. (सुरुवातीला कोर्टाने ज्या वकीलबाई नेमल्या होत्या त्यांच्या घरासमोर निदर्शनं झाली, तुम्हाला आलेले फोन त्याच रागातले आहेत.) आरोपीचा वकील म्हणजे गुन्ह्याचा भागीदार हा आपल्याकडचा सगळ्यात मोठा गैरसमज आहे आणि त्यामुळे कितीतरी चांगली मुलं फौजदारीकडे फिरकतच नाहीत. चांगला बचाव समोर असतो म्हणून तपास नीट होतो, पंच खरे आणावे लागतात, मुद्देमालाचं सील जपावं लागतं. तुमच्या नोकरीतही जे हवालदार उलटतपासणीत टिकले त्यांनी कागद नीट केला होता म्हणूनच टिकले ना?

आता निकमांसारखं व्हायचं म्हणजे काय तेही सांगतो. जळगावचे आहेत, वडील न्यायाधीश होते, जिल्हा कोर्टात घासून मग मुंबईला गेले. त्यांनी सरकारकडून चालवलेल्या १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोट खटल्यात निकाल यायला २००६-०७ उजाडलं, १०० आरोपी दोषी, २३ सुटले. एका खटल्यात तेरा-चौदा वर्षं. तुम्ही मुलीला "दोन वर्षांत काहीतरी दिसलं पाहिजे" म्हणताय, दोन वर्षांत तिला रोजनामा, फायलिंग, नकला काढणं आणि कुठल्या कारकुनाकडे कधी जायचं एवढंच येईल आणि ते यायलाच पाहिजे. स्पेशल पीपी, म्हणजे निकमांसारखा विशेष सरकारी वकील व्हायला कायद्याने वकिलीचा १० वर्षांचा अनुभव लागतो, कुठल्या बाजूने ते कायदा विचारत नाही. बचावाकडून दहा वर्षं पंचनामे फाडलेला माणूस सरकारकडून उभा राहिला तर त्याला आधीच माहीत असतं समोरचा कुठे बोट ठेवणार.

जेएमएफसीचा क्लास लावून घरी बसवणं तर आता तसंही चालणार नाही, मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने तीन वर्षं प्रॅक्टिसची अट परत आणलीय, म्हणजे कोट कपाटात ठेवून तुम्ही तिचा तोच रस्ता अडवताय. एपीपीच्या, म्हणजे सहायक सरकारी वकिलाच्या जागा एमपीएससीकडून निघतात, जाहिरात आली की पात्रता वाचून ठरवा. आणखी एक, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे गरीब आरोपींच्या बचावासाठी आता ठरावीक मानधनावर वकील नेमतात, त्यात नवीन वकिलांसाठी पण जागा असते, तिला चौकशी करू द्या.

५ हजार कमी आहेत, खूपच कमी आहेत, आणि ज्युनियरला एवढ्यावर राबवणाऱ्यांवर माझा राग आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२४ मध्ये शहरात २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार द्या असं सांगितलं पण ती शिफारस, सक्ती नाही. पहिली चार-पाच वर्षं घराचा आधार लागतो, तुमची पेन्शन आहे, तो आधार तुम्ही देऊ शकता. तिने सीनियरांकडे पैसे वाढवून मागावेत, तेही शिकायचंच असतं.

आता मला जे मनापासून सांगायचंय ते. तिच्या बॅचच्या किती मुलामुलींच्या घरात सहायक फौजदार आहे? स्टेशन डायरीत नोंद कशी होते, जबाब घाईत कसा लिहिला जातो, नेहमीचा पंच कसा ओळखायचा, गावाकडची बाई साक्षीला आली की अहिराणीत काय बोलते आणि मराठीत कागदावर त्याचं काय होतं, हे कुठल्याच लॉ कॉलेजात शिकवत नाहीत. त्यात जुलै २०२४ पासून फौजदारीचे तिन्ही कायदे नवीन, जुन्या खुनाला कलम ३०२ आणि नव्याला १०३, झडतीचं व्हिडिओ शूटिंग, सीनियरसुद्धा पुस्तक उघडून बसतात. या वेळी नवीन माणसाला शिरायला जागा असते. तुम्ही रोज रात्री तिला अर्धा तास दिलात तर ती वयाच्या चाळिशीत कुठे असेल याची मला तरी कल्पना करता येत नाही. फक्त एक पथ्य पाळा, ज्या गुन्ह्याच्या तपासात तुम्ही स्वतः होतात त्या केसमध्ये तिने उभं राहू नये आणि तुम्ही तिला काही सांगू नये. आणि खात्यातल्या मित्रांचा परत फोन आला तर म्हणा, ती तिचं काम करते, तुम्ही तुमचा पंचनामा नीट करा.

लग्नासाठी स्थळांना "सरकारी वकिलीची तयारी करतेय" असं सांगताय तेही थांबवा. वकिली करते असं सांगा, ज्यांना चालत नाही ते आत्ताच कळलेलं बरं.

सोमवारी कोर्टाचं बोर्ड (त्या दिवशीच्या केसेसची यादी) किती वाजता लागतं ते तुम्हाला पक्कं माहितीये. रविवारी रात्री कुलूप काढा, कोट इस्त्रीला टाकायला सांगू नका, तुम्हीच टाकून आणा, आणि तिच्या सीनियरांना फोन करून पंधरा दिवसांचं खरं कारण तुम्ही सांगा. ते तिने सांगायचं नाहीये.